भाषा बदलते, रसायन तेच राहते

दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणारी मराठी किंवा उर्दू माध्यमाची अनेक मुले अकरावीच्या रसायनशास्त्रात अडखळतात. घरचे लगेच म्हणतात, "सायन्स आपल्याला झेपणारे नाही." मला हे पटत नाही. मुलाचे डोके तेच असते, बदललेली असते ती भाषा. कालची संयुजा आज व्हॅलन्सी होते, आम्लारीचा बेस होतो, क्षपणाचे रिडक्शन. उर्दू शाळेत 'उन्सुर' शिकलेल्या मुलीला 'एलिमेंट' परका वाटतो. ती वर्गात शंका विचारत नाही आणि मागे पडते.

उपाय महागडा नाही. शिक्षकांनी आठवीपासून फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत. शब्दाआधी वस्तू दाखवावी. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. आम्लारी, आम्ल आणि दर्शक, तिन्ही गोष्टी दोन मिनिटांत कळतात. ज्याने हे स्वतः करून पाहिले, तो नाव बदलले तरी गोंधळत नाही.

इंग्रजी शब्दांचा धाक तरी कशाला? 'अल्कली' हा शब्द अरबीतून आला आहे, त्याचे मूळ वनस्पतींच्या राखेच्या नावात आहे. 'केमिस्ट्री'सुद्धा अरबी 'अल-कीमिया'च्या वाटेने युरोपात पोहोचली. हे ज्ञान अरबीतून लॅटिनमध्ये गेले, पुढे इंग्रजीत आले. माध्यम बदलले म्हणून ते अडून राहिले नाही.

पालकांनो, मुलीला विज्ञान सोडायला लावण्याआधी शाळेत जाऊन एवढेच विचारा: प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते?