मुखवटा की शस्त्रक्रिया?

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, असा आपल्याकडे एक सुखद समज आहे. ‘स्लीप ॲप्निया’ या विकारात वस्तुस्थिती नेमकी उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, श्वासमार्ग मिटतो. मेंदू क्षणभर जागा होतो आणि अडलेला श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला तीस-तीस वेळा असे घडणाऱ्याची रात्र ही विश्रांती नसून झुंजच होय. दिवसा अनावर झोप आणि वाढता रक्तदाब ही तिची किंमत.

सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर एक साधा उपाय मांडला : नाकावरील मुखवट्यातून दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवायचा. हेच ‘सीपॅप’. ते गुणकारी आहे, यात वाद नाही. पण ते रोज रात्री लावावे लागते. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने ‘नियमित वापरा’ची व्याख्या रात्री चार तास आणि महिन्यातील सत्तर टक्के रात्री इतकी माफक ठेवली आहे. तेवढेही कित्येकांना साधत नाही.

अशांसाठी २०१४ मध्ये अमेरिकेत एका रोपणयंत्राला मान्यता मिळाली. छातीत त्वचेखाली बसविलेले हे यंत्र जिभेच्या मज्जातंतूला सौम्य विद्युतस्पंद देते आणि जीभ पुढे राहते. मुखवटा न मानवलेल्या १२६ रुग्णांवरील चाचणीत श्वास अडण्याचे मध्यक प्रमाण वर्षभरात तासाला २९ वरून ९ वर आले. हे यश लहान नव्हे. परंतु सुमारे एकतृतीयांश रुग्णांना अपेक्षित गुण आला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. शिवाय अतिस्थूल व्यक्तींना, तसेच ज्यांचा घसा चहूबाजूंनी मिटतो त्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. यंत्राची बॅटरी सुमारे अकरा वर्षांनी संपते; म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया.

म्हणूनच ‘मुखवटा की शस्त्रक्रिया’ हा प्रश्नच मुळी चुकीचा मांडला जातो. हे दोन उपाय परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून एकापाठोपाठ येणाऱ्या पायऱ्या आहेत. मुखवटा नकोसा झाला तर तो त्वचेवर घट्ट बसतो काय, हवा कोरडी आहे काय, नाक चोंदलेले आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. यंत्र हाती देऊन रुग्णाला वाऱ्यावर सोडायचे आणि महिन्याभराने ‘उपचार फसला’ असा निर्वाळा द्यायचा, हा न्याय नव्हे. मुखवटा काढून ठेवता येतो. चिरलेली छाती पूर्ववत होत नाही.

मात्र प्रामाणिक प्रयत्नांनंतरही ज्याला मुखवटा सोसत नाही, त्याला आळशी ठरवून परत पाठविणे तितकेच अन्यायाचे. कपाटात पडून राहिलेल्या यंत्राने कोणाचाही श्वास मोकळा होत नाही. अशा रुग्णापुढे शस्त्रक्रियेचा मार्ग तिच्या मर्यादांसह उघडपणे ठेवणे, हे वैद्याचे कर्तव्यच आहे.