अंक टपालात टाकण्याआधी

दिवाळीच्या सुमाराला छोट्या मासिकांच्या कार्यालयांत दोन प्रकारचे फोन हमखास येतात. पहिला, ‘अंक अजून आला नाही.’ दुसरा, ‘अंकात आमच्या मंडळाचं पत्रकही घालून पाठवा की, तुमचं काय जातं?’

जाते ती टपालाची सवलत. नोंदणीकृत वृत्तपत्र टपाल खाते फार स्वस्तात पोहोचवते. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या एका अंकाला कित्येक वर्षे 25 पैसेच पडत आले. चार आण्यांचे नाणे 2011 मध्ये चलनातून गेले, तरी हा दर टिकला. एवढ्या स्वस्ताईला अटी असणारच, आणि त्या 1898च्या टपाल कायद्याने घातल्या. दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर नको, मजकूर मुख्यतः बातम्यांचा किंवा चालू विषयांवरचा हवा, वर्गणीदारांची यादी खरीखुरी हवी. पुरवणी चालते, पण तिच्या प्रत्येक पानावर अंकाचे नाव आणि तारीख छापलेली पाहिजे. मंडळाच्या पत्रकावर यातले काही नसते. तेव्हा संपादकाने नाही म्हटले तर रागावू नका. 18 जून 2024 पासून नवा टपाल कायदा लागू आहे, म्हणून आजचा दर आणि नियम खिडकीवरच विचारावा.

ती 31 दिवसांची अट दिवाळी अंकांच्या बाबतीत फार लोक विसरतात. वर्षातून एकदाच निघणारा दिवाळी अंक या व्याख्येत बसत नाही, मग त्यात लेख कितीही ताजे असोत. बंगळुरूच्या लेकीला अंक पाठवायचा म्हणून काही जण ‘ज्ञान पोस्ट’ मागतात. 1 मे 2025 ला सुरू झालेली ही सेवा चांगली आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि कर, पण ती पाठ्यपुस्तके आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने तिच्यात चालत नाहीत. जाहिराती नसलेला दिवाळी अंक कुणी पाहिला आहे? तो सरळ पार्सलने किंवा स्पीड पोस्टने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट मागू नका, 1 सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे.

अंकाच्या घडीत ‘बाबांची तब्येत बरी आहे’ अशी चिठ्ठी सरकवण्याची सवय तर सोडाच. खुशाली लिहिली की ते पत्र झाले, आणि पत्राचे टपाल वेगळे. नुसते कात्रण पाठवायचे असेल तर लिफाफ्यात घाला, सोबत हव्या तेवढ्या ओळी लिहा, 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांचे तिकीट लावा.

आता न आलेल्या अंकाविषयी. अंक साध्या टपालाने जातो. त्याची पावती नसते, त्यामुळे तो कुठे अडकला हे संगणकावर दिसत नाही. बऱ्याच मासिकांवर अंक कोणत्या तारखेला, कोणत्या टपाल कार्यालयात पडतो ते बारीक अक्षरांत छापलेले असते. ती ओळ आधी वाचा, त्यानंतर आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग जिन्याखालची टपालपेटी आणि शेजारचे घर बघा. सोसायटीत पाच जणांचे अंक एकाच्या दारात पडणे नवे नाही, आणि शेजाऱ्याने आधी वाचून मग देणे तर मुळीच नवे नाही.

तरीही नाहीच मिळाला, तर वेष्टनावरचा आपला पत्ता तपासून घ्या. पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने देशाला दिलेली पद्धत, 15 ऑगस्ट 1972 पासूनची. निदान आपण तरी सहाही आकडे नीट लिहावेत. घर बदलणार असाल तर महिनाभर आधी कळवा, कारण पत्त्यांच्या चिठ्ठ्या अंक छापून होण्याआधीच निघालेल्या असतात. कळवताना वर्गणीदार क्रमांक, जुना पत्ता आणि नवा पत्ता तिन्ही द्या. फोनवर सांगू नका, पोस्टकार्डावर किंवा मेसेजमध्ये लिहून पाठवा.