खड्ड्याचा हिशेब चंद्राच्या नावावर नको

गेल्या मंगळवारी आपल्या बसस्टँडसमोर रास्ता रोको झाला. मागणी शंभर टक्के रास्त होती, बातमी मीच केली. त्यात एका बॅनरवर लिहिलं होतं, 'देश चंद्रावर, तालुका खड्ड्यात. इस्रोचे पैसे रस्त्याला द्या.' फोटो दिवसभर सगळ्या ग्रुपवर फिरला. संध्याकाळी टपरीवर तो बॅनर लिहिणारा भेटला, माझा वर्गमित्रच. म्हणाला, "काय पत्रकार, लाइन कशी होती?" म्हटलं लाइन झकास, हिशेब चुकलाय. चहा संपला, वाद राहिला. म्हणून इथं लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी एक कबुली. ही लाइन त्याची नाही, माझीच आहे. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चा विक्रम लँडर कोसळला, त्याच आठवड्यात आपल्या एका वस्तीवरच्या बाळंतिणीला चिखलातून बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं होतं. मी बातमी केली आणि हेडिंग दिलं, 'चंद्र जवळ, दवाखाना लांब'. लई वाहवा झाली. आज तशी वेळ आली तर बातमी तीच करीन, हेडिंग बदलीन. कारण त्या वस्तीचा रस्ता कागदावर दोनदा झालेला होता आणि बिलंही निघाली होती. ज्यांना घाम फुटायला हवा होता ते निवांत राहिले. लोक चिडले ते बंगळुरूच्या शास्त्रज्ञांवर. खुद्द ठेकेदारानं ती बातमी आपल्या स्टेटसला ठेवली होती, आता बोला.

तर हिशेब. 2025-26 च्या केंद्रीय बजेटात अंतराळ विभागाला सुमारे 13,416 कोटी रुपये आहेत. एकूण बजेट 50 लाख 65 हजार कोटींचं. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे. माणशी काढलं तर वर्षाला शंभर रुपयांच्या आत, महिन्याला आठ. आपल्या टपरीवर कटिंगसुद्धा दहाला आहे.

आता रस्ते. त्याच बजेटात केंद्राच्या एकट्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला 2 लाख 87 हजार कोटी आहेत, अंतराळाच्या एकवीस पट. राज्याचं बांधकाम खातं, जिल्हा परिषद, आमदार निधी, ग्रामसडक हे सगळं वेगळं. त्या एका मंत्रालयाचा दिवसाचा वाटा काढा, 787 कोटी येतो. चांद्रयान-3 चा अख्खा खर्च सांगितला जातो 615 कोटी. म्हणजे चंद्रावर जाऊन उतरण्याचा सगळा खर्च हा देशाच्या रस्त्यांच्या एका दिवसाच्या पैशापेक्षा कमी. उद्या इस्रोला कुलूप लावलं आणि सगळी रक्कम रस्त्यांना दिली तरी रस्त्यांचे पैसे पाच टक्क्यांनीही वाढणार नाहीत. आणि जे पैसे आज आहेत, त्यांचं डांबर पहिल्या पावसात वाहून जातंय, तेव्हा वाढीव पाच टक्के कुठं जातील हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण म्हणून दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. मंगळयान 450 कोटीत झालं, हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा स्वस्तात, हा मेसेज मला आत्तापर्यंत शंभर वेळा आला असेल. स्वस्त आहे म्हणून घ्या हा आठवडी बाजारातला युक्तिवाद झाला. नको असलेली वस्तू स्वस्तात आणली तरी घरात बाई विचारतेच की, हे कशाला आणलं? खर्च किती यापेक्षा त्यातून आपल्या पदरात काय पडतं, हा प्रश्न विचारायला पाहिजे. तो विचारला की देशद्रोही ठरवायचं, ही एक नवी खोड लागलीय. विक्रम साराभाईंनी थुंब्याला सुरुवात केली तेव्हा ते स्वतःच हे बोलत होते. माणूस चंद्रावर पाठवायच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी बरोबरी करण्याचं वेड आपल्याला नाही, साधारण असा त्यांचा सूर होता. हे तंत्र आपल्या माणसांच्या रोजच्या अडचणींवर लावायचं, हा हेतू. 1975-76 मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत टीव्हीवरून शेती-आरोग्याचे कार्यक्रम दाखवले, ते याच विचारातून.

पदरात काय पडतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ओडिशाचं आहे. लांबचं आहे, पण आपल्या भांडणाचा निकाल तिथं लागतो. 29 ऑक्टोबर 1999 ला तिथं महाचक्रीवादळ आलं, सरकारी आकड्यानुसार जवळपास दहा हजार माणसं गेली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं. तेही भयानक होतं. सुमारे दहा लाख माणसं आधीच हलवली होती. मृत्यू पन्नासच्या आत.

इस्रोप्रेमी म्हणतात, बघा, ही उपग्रहाची कमाल. अर्धं खरं आहे. उपग्रह 1999 लाही होता. वादळ येतंय हे हवामान खात्याला तेव्हाही दिसत होतं, इशारेही दिले होते. पण माणसांनी पळायचं कुठं? पक्के निवारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, फोन बंद, गावात सांगायला कुणी नाही. त्या तडाख्यानंतर ओडिशानं आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव पोरं तयार केली, रंगीत तालमी घेतल्या. वरचा डोळाही आणखी तीक्ष्ण झाला. दोन्ही झाल्यावर माणसं वाचली. वर डोळा असून खाली पाय नसतील तर उपयोग शून्य. पाय आहेत पण डोळा नाही, तर पळायचं केव्हा तेच कळणार नाही.

आता आपल्याकडं या. सप्टेंबर 2025 ची सीनेच्या पुराची ती रात्र. हे लिहायला मला जड जातंय. दुपारी इशाऱ्याचा मेसेज आला होता. नेहमीचीच भाषा, जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता. मी तो पाच ग्रुपवर फॉरवर्ड केला. पत्रकाराचं काम झालं, असं समजून जेवून झोपलो. पहाटे नदीकाठच्या एका दोस्ताचा फोन आला तेव्हा तो घराच्या पत्र्यावर बसलेला. दावणीच्या सात जनावरांतली दोन सोडता आली, बाकीची दाव्यासकट गेली. नंतर मी त्याला विचारलं, अरे, मेसेज बघितला नव्हतास का? तो म्हणाला, "बघितला की. पण ते 'तुरळक ठिकाणी' रोजच लिहित्यात. त्यात माझी दावण हाय हे मला कसं कळावं?"

या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. ढग वरून दिसत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये सोडलेला इन्सॅट-3डीएस आहे, त्याच्या आधीचा 3डीआर आहे. ढगांची चित्रं दिवसरात्र येत असतात. पण जिल्हा केवढा, नदी कुठं, वरच्या अंगाला किती पाऊस झाला, पाणी आपल्या पुलाखाली किती वाजता येणार, हे त्या पत्र्यावरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारी शेवटची कडी तुटलेली. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेली माहिती तालुक्याच्या वेशीवर येऊन थांबली. शेवटचे बारा किलोमीटर तिला जमले नाहीत.

नंतरचं तर तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. पंचनाम्याला तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आले तोवर पाणी ओसरलेलं. "पाणी होतं याला पुरावा काय?" असं माझ्यासमोर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं गेलं. त्या बिचाऱ्या तलाठ्याचाही दोष नाही, एकाकडं चार-चार गावं. पण मंडळी, पुरावा वर होता! 2022 मध्ये इस्रोनं सोडलेला ईओएस-04 हा रडारचा उपग्रह आहे. रडारला ढग आडवे येत नाहीत, रात्रही आडवी येत नाही. अशा चित्रांवरून हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुरात कुठला भाग पाण्याखाली होता याचे नकाशे काढतं. आपल्या राज्याचं तसलंच केंद्र नागपूरला 1988 पासून आहे. गटानुसार नकाशा तहसीलच्या भिंतीवर लावला असता तर त्या म्हाताऱ्याला आपल्याच रानात पाणी होतं हे शपथेवर सांगावं लागलं नसतं. त्या चित्रात सगळं कळतं असं मी म्हणत नाही. पीक किती सडलं, माती किती खरवडली, हे बघायला माणूस रानात उतरलाच पाहिजे. पण 'पाणी होतं का नव्हतं' हा वाद तरी मिटला असता.

म्हणून माझा वर्गमित्र म्हणतो त्याच्या नेमकं उलटं म्हणणं आहे माझं. अंतराळाचे पैसे कापा असं म्हणू नका. आपण ते आधीच भरलेत, महिन्याला आठ रुपये. आता त्याचा माल मागा.

आणि हो, इस्रोलाही दोन प्रश्न विचारले पाहिजेत, उगाच देव्हाऱ्यात बसवू नका. 18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 फसलं. त्यात ईओएस-09 गेला, तोही असाच ढगांपलीकडं बघणारा रडारचा उपग्रह. चांद्रयान उतरलं तेव्हा आपल्या चौकात फटाके फुटले, पेढे वाटले. हा उपग्रह बुडाला तेव्हा चौकात कुणाला पत्ताही नव्हता, आणि सोयाबीनवाल्याचं नुकसान खरं त्यात होतं. तो का पडला याचा सविस्तर अहवाल तुमच्या-आमच्यासमोर आलाच पाहिजे, पैसा आपला आहे. दुसरं, गगनयान. माणूस अवकाशात पाठवायच्या त्या कार्यक्रमाची मंजूर रक्कम वाढत 20,193 कोटींवर गेलीय. एका वर्षातली नाही, काही वर्षांत मिळून, हे मान्य. अभिमान मलाही आहे, शुभांशु शुक्ला गेले तेव्हा मीही रात्री जागून लिहिलं. पण माणूस वर पाठवणं आणि वरून माणसाकडं बघणं यांत आधी काय, असं मला विचारलं तर मी दुसरं म्हणेन. जुलै 2025 मधल्या निसार उपग्रहात इस्रोचा वाटा 788 कोटींचा आहे. नासाबरोबरचा हा रडारचा उपग्रह दर बारा दिवसांनी पृथ्वीवरची बहुतेक जमीन पुन्हा बघतो. जमीन खचली, ओल किती आहे, त्याला कळतं. असले चार जास्त झाले तर मी पेढे वाटीन.

कोकणातल्या मच्छीमारांना मासळी कुठं सापडण्याची शक्यता आहे याचा सल्ला मिळतो, तो समुद्राच्या तापमानाची आणि रंगाची उपग्रहानं घेतलेली नोंद बघून. त्यांच्याबद्दल काही नाही म्हणत, पण दर्याला मिळतं ते रानाला का नाही?

आता कामाचं. मी एक अर्ज तयार केलाय. सप्टेंबर 2025 च्या पुराचे उपग्रहावरून काढलेले नकाशे आपल्या तालुक्यापुरते उपलब्ध आहेत का, असतील तर पंचनाम्यात वापरले का, नसतील वापरले तर का नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना जिल्ह्याच्या नावानं नाही तर गावाच्या नावानं इशारा कोण देणार, त्या माणसाचं पद आणि फोन नंबर काय. माहितीच्या अधिकारात एक आणि साधं निवेदन एक. सोमवारी सकाळी अकराला तहसीलच्या पायऱ्यांवर मी थांबतोय. नदीकाठच्या गावांतल्या लोकांनी सातबाऱ्याची झेरॉक्स आणि पुराच्या दिवशीचे मोबाइलमधले फोटो असतील तर आणा, तारीख-वेळ दिसेल असे. बॅनरवाला वर्गमित्रही येतोय. त्याचं अक्षर चांगलं आहे, निवेदन त्यालाच लिहायला सांगितलंय. रस्त्याच्या बिलांची माहिती मागणारा तिसरा अर्जही त्याच दिवशी देतोय, तो मात्र बांधकाम खात्याकडं.