फ्लॅट आला म्हणून जात जाते?

चाळी-वाडे गेले, फ्लॅट आले की जातपात आपोआप विरघळेल, असं आपण वर्गात सहज बोलून जातो. मीही बोलायचे. इतिहासाचे प्राध्यापक निखिल राव यांचं ‘हाउस, बट नो गार्डन’ (2013) वाचलं आणि गप्प झाले.

पुस्तक मुंबईच्या उपनगरांचं, 1898 ते 1964 या काळातलं. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याला रस्ते आणि प्लॉट आखले गेले. पण तिथे बागेतले बंगले नाही, फ्लॅट उभे राहिले. मला सगळ्यात आवडलं ते संडासाचं प्रकरण. (हो, संडासाचंच!) तो घरातच असणं म्हणजे विटाळ वाटायचा, तरी माणसांनी जमवून घेतलं. माटुंग्यात तर वेगवेगळ्या पोटजातींची माणसं शेजारी राहून ‘साउथ इंडियन’ झाली. म्हणजे कुंपण मोडलं नाही, थोडं लांब सरकलं.

मागच्या वर्षी आम्ही बेळगावात भाड्याने घर शोधत होतो. मालकांनी बाबांचं आडनाव ऐकलं आणि विचारलं, “घरात मासे करता का हो?” आईने खरं ते सांगितलं. फ्लॅट मिळाला नाही. इमारत अगदी नवी कोरी होती, लिफ्टसकट.