निळा रंग नशिबाचा नाही: टॅरोचे पत्ते, वर्णाचे रंग आणि आपण



गेल्या काही वर्षांत एक नवा पुरोहित आपल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये शिरला आहे. त्याच्या अंगावर सोवळे नाही, हातात पंचांग नाही, तोंडात संस्कृत नाही. त्याच्याकडे ७८ रंगीत पत्ते आहेत. "निळा, पिवळा की लाल? एक पत्ता मनात धरा," असे तो रीलमधून सांगतो. पुढच्या मिनिटाला आपली नोकरी, आपले लग्न, आपला निकाल, सगळे त्या पत्त्याच्या रंगावरून ठरते. वर सल्ला असतो: मुलाखतीला निळा शर्ट घाला, काम होईल.

छत्रपती संभाजीनगरात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले-मुली खोली करून, डबा लावून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे जाते, परीक्षा झाली तर निकाल अडकतो. अशा अधांतरी आयुष्यात 'तुमचे काम होणार आहे' असे कोणी म्हटले की कान टवकारतात. त्या कानांना आम्ही दोष देत नाही. पण जो माल विकला जातो आहे तो तपासलाच पाहिजे. तपासणीची सुरुवात रंगांपासून करू, कारण पत्त्यांची सगळी भुरळ रंगांत आहे. आणि त्यातला एक रंग आपल्या झेंड्याचा आहे.

पत्त्यांना रंग कोणी दिला?

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो सुरू झाला. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी हाताने रंगवलेल्या पत्त्यांवर सोन्याचा वर्ख होता. तो कशासाठी? मालक श्रीमंत होता म्हणून. पुढे सामान्य लोकांसाठी लाकडी ठशांवर पत्ते छापले जाऊ लागले. त्यांत लाल, पिवळा, निळा असे मोजके रंग दिसतात, कारण रंग साच्यातून भरले जायचे आणि एक रंग वाढला की खर्च वाढायचा. आज ज्या लाल-निळ्याला 'ऊर्जा' आणि 'अंतर्ज्ञान' म्हणतात, तो छापखान्याचा हिशेब होता.

भविष्य त्यात नंतर घुसवले गेले. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने जाहीर केले की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जी भाषा वाचता येत नाही तिच्या नावावर ग्रंथ खपवला. हा प्रकार आपल्याला नवा नाही. ज्याला ते वाचण्याचा अधिकार नाही त्याला वेदांत काय लिहिले आहे हे सांगणारे आपल्याकडे फार जुने आहेत.

आज सर्वाधिक वापरला जाणारा संच १९०९ मध्ये लंडनला निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, प्रकाशक रायडर, आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. एवढे मोठे काम फार थोड्या पैशांत केल्याचे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. त्यांची मूळ चित्रे आज सापडत नाहीत. संच मात्र कित्येक दशके 'रायडर-वेट' म्हणून ओळखला गेला. प्रकाशकाचे नाव राहिले, लेखकाचे राहिले, रंगवणारीचे गळले. घाम गाळणाऱ्याचे नाव पुसण्याची रीत आपल्याच देशात आहे असे समजू नका.

याच चित्रांच्या पुढच्या आवृत्त्यांत रंगांच्या छटा बदलत गेल्या. आता आमचा साधा प्रश्न: पिवळ्या आभाळात आशा असेल तर छपाईत पिवळा फिका पडला की आशाही फिकी होते का? एखाद्या मुलीची सरकारी नोकरी लंडनच्या शाईवर अवलंबून असते का?

रंगावरून माणूस ठरवण्याचा जुना धंदा

रंगाला अर्थ चिकटवून माणसाचे भविष्य सांगण्यात या देशाने टॅरोला कधीच मागे टाकले आहे. 'वर्ण' या शब्दाचा रूढ अर्थच रंग. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतो की ब्राह्मणांचा वर्ण पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. चार रंगांचे चार पत्ते. जन्माला येताच एक हातात दिला जातो, आणि तो बदलून मिळत नाही.

गंमत अशी की त्याच संवादात भरद्वाज उलट विचारतो: रंगावरूनच भेद ठरत असेल तर सगळ्याच वर्णांत सगळे रंग मिसळलेले दिसतात, राग, भीती, भूक, श्रम हे तर सर्वांनाच आहेत, मग भेद कशाचा? प्रश्न तिथेच विचारला गेला होता. व्यवस्थेने भृगूचे उत्तर पाठ केले आणि भरद्वाजाचा प्रश्न गिळला.

बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात वर्ण म्हणजे कातडीचा रंग हे समीकरणच तपासायला घेतले. वेद आणि अवेस्ता यांतले पुरावे मांडून त्यांनी दाखवले की मुळात या शब्दाचा संबंध कातडीशी नव्हता, विशिष्ट श्रद्धा मानणाऱ्या वर्गाशी होता. यातून पद्धत शिकायची आहे. 'या रंगाचा अर्थ असा' असे कोणी म्हटले की बाबासाहेब विचारतात: हा अर्थ कोणी लावला, कधी लावला, पुरावा काय?

टॅरोच्या चार रंगसंचांचीही अशीच वाटणी पुढे सांगितली गेली: पेले धर्मगुरूंचे, तलवारी सरदारांचे, नाणी व्यापाऱ्यांची, काठ्या कष्टकऱ्यांच्या. ही वाटणी ओळखीची वाटते ना? मग टॅरो 'परदेशी म्हणून पुरोगामी' कसे?

सावंतवाडीचा नववा पत्ता

पत्त्यांतला रंग आणि धर्म यांचे नाते पाहायला लंडनला जायची गरज नाही. कोकणात सावंतवाडीला गंजिफा तयार होतो. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेची चकाकी. चितारी कारागिरांनी ही कला पिढ्यान् पिढ्या जपली आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हातांबद्दल आम्हाला आदरच आहे.

दशावतारी गंजिफात १० संच असतात, प्रत्येकात १२ पत्ते, एकूण १२०. संच ओळखू यावा म्हणून प्रत्येक अवताराला पार्श्वभूमीचा वेगळा रंग. मत्स्य, कूर्म, वराह असे करत नववा संच येतो, आणि तिथे कुठे बुद्ध असतो, कुठे जगन्नाथ. ज्याने वेदप्रामाण्य नाकारले, यज्ञातली हिंसा नाकारली, त्या बुद्धाला रंगीत चकती देऊन विष्णूच्या रांगेत नवव्या नंबरवर बसवले. ग्रंथातल्या श्लोकाने जे काम केले तेच खेळण्याने केले. श्लोक वाचणारे थोडे असतात, पत्ते खेळणारे पुष्कळ. चित्र डोळ्यांतून आत जाते आणि वाद न घालता पटते.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे नाकारते आणि या प्रचाराला खोटा व खोडसाळ ठरवते. बाबासाहेबांनी तो नववा पत्ता डावातून काढून घेतला. आणि आता आपलीच मुले 'बुद्ध', 'झेन', 'चक्र' अशा नावांचे नवे संच विकत घेऊन तोच बुद्ध पुन्हा पत्त्यांत पिसू लागली, तर याला काय म्हणावे? पुण्याच्या ओशो आश्रमाच्या परंपरेतून निघालेला 'ओशो झेन टॅरो' जगभर विकला जातो. 'झेन' हा शब्द ध्यानापासून आला आहे. भविष्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

टॅरोच्या मोठ्या पत्त्यांची संख्याही २२ आहे. उद्या कोणी महाभाग म्हणेल, "पाहा, २२ प्रतिज्ञांचे रहस्य!" आकडे जुळवून अर्थ काढणे इतके सोपे आहे, आणि म्हणूनच ते इतके निरर्थक आहे.

आमचा निळा

टॅरोमध्ये निळी वस्त्रे घालून बसते ती 'हाय प्रीस्टेस', म्हणजे मुख्य पुजारीण. तिच्या निळ्याचा अर्थ सांगतात गुपित, मौन, अंतर्ज्ञान. आपल्या निळ्याचा अर्थ याच्या नेमका उलटा आहे. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले, त्याचा झेंडा निळा होता. पुढे रिपब्लिकन पक्षाने तो खांद्यावर घेतला. हा रंग बोलण्याचा आहे, मागणी करण्याचा आहे, भर चौकात उभे राहण्याचा आहे.

आपल्या शहराला हे समजावून सांगायची गरज नसावी. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठरावापासून नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे. त्या काळात कोणी पत्ता उघडून विचारले नाही की नाव मिळेल का. ज्यांच्या हातात निळा झेंडा होता त्यांना त्याबद्दल मार पडत होता. त्यांच्यासाठी तो 'लकी' नव्हता, जोखमीचा होता.

आणि तरी चळवळीने निळ्यालाही जादू मानले नाही. धम्मदीक्षेच्या दिवशी नागपुरात आलेला जनसागर पांढऱ्या कपड्यांत होता. बौद्धांचा जो ध्वज आपण विहारावर लावतो त्यात निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे सगळे आहेत. तो १८८५ मध्ये कोलंबोत तयार झाला. भिक्खूचे चीवर मूळचे टाकलेल्या चिंध्यांचे, झाडाच्या साली-मुळांत रंगवलेले. आपल्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याला जा. तिथला तांबडा म्हणजे गेरू, पांढरा म्हणजे चुना, काळा म्हणजे काजळी. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानच्या डोंगरांतून व्यापाऱ्यांनी आणलेला. माती, व्यापार आणि चित्रकाराचा हात, यांतून रंग येतो. अर्थ त्याला माणसे देतात, आणि लढून देतात.

इथे आपल्यालाही एक प्रश्न विचारावा लागेल. निळा गमछा गळ्यात, गाडीवर निळा झेंडा, जयंतीला डीजेसमोर निळा गुलाल; आणि वर्षभरात बाबासाहेबांचा एक खंड उघडलेला नाही. असे असेल तर आपणही निळ्याचा टॅरो केला आहे. रंग अंगावर घातला की काम झाले, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

'यात वाईट काय आहे?'

काही मित्र म्हणतील की टॅरोत जात नाही. भटजीकडे जाण्यापेक्षा आपलीच एखादी बहुजन ताई पत्ते वाचते, तिला चार पैसे मिळतात, यात वाईट काय? हा मुद्दा हलका नाही. बाबासाहेबांनीही 'जातिसंहारा'त म्हटले होते की पुरोहितपद रद्दच व्हावे, ते जमत नसेल तर किमान वंशपरंपरेने चालू नये. पण त्यांचा रस्ता तिथे थांबला नाही. त्यांनी आपल्याला असा धम्म दिला ज्यात आपले भले-बुरे आपल्या कर्माने ठरते. खुर्चीवरचा माणूस बदलला आणि खुर्ची तशीच राहिली तर गुलामी संपत नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात शकुन, लक्षणे, स्वप्ने, ग्रहतारे पाहून भविष्य सांगून पोट भरण्याला हीन विद्या म्हटले आहे. तिथे हे काम करणाऱ्याची जात विचारलेली नाही.

जातकात एक कथा आहे. ठरलेल्या दिवशी लग्नाला जाण्याआधी वराकडचे लोक आपल्या साधूला नक्षत्र विचारतात. आधी विचारले नाही म्हणून रुसलेला साधू 'आज योग नाही' म्हणतो. ते थांबतात. तिकडे मुलीकडचे वाट पाहून तिचे लग्न दुसरीकडे लावून देतात. नक्षत्र आभाळातच राहते, नवरी जाते. परीक्षेचा अर्ज 'चांगला दिवस' पाहून भरणाऱ्यांनी ही कथा भिंतीवर लावावी.

दुसरे मित्र म्हणतील की मनाला आधार मिळतो. मिळतो, हे खरे. पण आधार पत्ता देत नाही, समोर बसून ऐकणारा माणूस देतो. मग ऐकणारी माणसे आपण का उभी करू नयेत? विहारात रविवारच्या वंदनेनंतर तासभर अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी ठेवा. निकाल हुकलेल्यांना एकत्र बसवा. आधीच्या बॅचमधून नोकरीला लागलेल्यांना बोलवा. मन फारच खचले असेल तर शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही. आणि भरती अडली असेल तर तिचे कारण कुठल्याही पत्त्यात नाही, ते मंत्रालयात आहे. त्यासाठी निवेदन, माहिती अधिकार, मोर्चा, न्यायालय हे मार्ग आपल्याला संविधानाने दिले आहेत.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आला. त्याच्या अनुसूचीत टॅरोचे नाव नाही, आणि पत्ते पाहणाऱ्या प्रत्येकावर गुन्हा दाखल व्हावा असे आमचे म्हणणेही नाही. कायदा शेवटच्या टोकाला येतो. त्याच्या कितीतरी आधी प्रश्न विचारण्याची सवय यावी लागते.

निळा जरूर घाला. मुलाखतीलाही घाला. पण कोणी विचारले की निळाच का, तर नामांतराची साडेपंधरा वर्षे सांगता आली पाहिजेत.

जय भीम! नमो बुद्धाय!