आधी गाठ, मग तवक्कुल

रविवारी शिरूरला घोड नदीवर किंवा दौंडजवळ भीमेच्या काठावर गळ टाकून बसलेल्यांशी पाच मिनिटे बोला. पकडलेल्या माशांपेक्षा सुटलेल्या माशांच्या गोष्टी जास्त ऐकायला मिळतील. सुटलेला कटला दोन किलोचा कधीच नसतो, तो आठ-दहा किलोचाच असतो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. गोष्टीचा शेवटही ठरलेला. कोणी म्हणतो, "नशिबात नव्हता." आपला भाई म्हणतो, "नसीब में नै था." विषय संपला. मग नवा गळ बांधायचा आणि गाठ मात्र जुनीच मारायची.

माझा आक्षेप या शेवटाला आहे. मासा का सुटला, हे बहुतेक वेळा हातात परत आलेला तंगूस सांगत असतो. त्याचे टोक निरखून पाहावे. टोक खरखरीत, झिजलेले असेल तर तंगूस खडकावर किंवा बुडालेल्या झाडावर घासला. टोक स्प्रिंगसारखे वळलेले असेल तर तो तुटलेलाच नाही, गाठ सरकून सुटली. या दुसऱ्या प्रकारात नशिबाचा संबंध कुठे येतो?

आपल्याकडे बरेच जण पायजम्याची नाडी बांधतात तशीच गळाची गाठ बांधतात. नाडी सुती असते, खरबरीत असते, एकमेकींना धरून राहते. नायलॉन गुळगुळीत. त्याला साधी गाठ मारली तर ती एक तर सरकते, नाही तर स्वतःलाच कापते. साध्या एका गाठीने तंगुसाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे दुकानातून १० किलो ताकदीचा तंगूस आणायचा आणि बांधताना त्याचा ५ किलोचा करायचा. मग मासा सुटला की माणूस आणखी जाड तंगूस आणतो. दोष दोऱ्यात नसतो, बांधण्यात असतो.

मासा काठाशी आल्यावरच का सुटतो, याचेही कारण आहे. लांबवर असलेला तंगूस ताणला जातो आणि माशाचा हिसका पिऊन टाकतो. मासा जवळ आला की तंगूस आखूड होतो, ताण घ्यायला जागा उरत नाही. त्यात माणूस दिसताच कटला-रोहूसारखा मासा शेवटची उसळी मारतो. तो सगळा हिसका गाठीवर येतो. कोकणात लाटांमध्ये गळ टाकणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते, कारण तिथे माशाच्या जोडीला लाटही ओढत असते.

पक्की गाठ अवघड नाही. तंगूस गळाच्या भोकातून ओवावा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक भोकाजवळच्या लहान फासातून काढावे आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा ओवावे. आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडे नायलॉन झटक्यात आवळले की घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. हळू आवळावे, टोक अगदी मुळाशी कापू नये आणि हाताने जोर लावून पाहावे. सुटायचीच असेल तर काठावर सुटू दे. काही गळांना भोक नसते, वर चपटे टोक असते. तिथे दांडीभोवती वेढे घेऊन बांधावे लागते. आणि मोठा मासा काढल्यावर गाठीजवळचा वीतभर तंगूस कापून टाकून नव्याने बांधावे. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम.

मराठीने तर गाठीचा केवढा विचार केलेला आहे. ओढली की सुटते ती सुरगाठ, सुटता सुटत नाही ती निरगाठ. पक्के लक्षात ठेवायचे ते खूणगाठ बांधून, आणि अनुभव असतो तो गाठीशी. उर्दूत वाढदिवसाला सालगिरह म्हणतात, म्हणजे वर्षाची गाठ. दोन्ही भाषांत गाठ म्हणजे टिकवून धरणे. सुरगाठ कुठे आणि निरगाठ कुठे मारायची, हे कळणे म्हणजेच शहाणपण.

तवक्कुलबद्दल बोलायचे तर तिर्मिज़ींच्या संग्रहातली हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. एकाने पैगंबरांना (स.) विचारले की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? उत्तर मिळाले की आधी बांध, मग भरवसा ठेव. तकदीर मानणाऱ्यालाही तदबीर माफ नाही. कच्ची गाठ मारून तिला नसीब म्हणणे हा तवक्कुल नव्हे, तो आळस आहे. त्याला धर्माचे नाव देणे तर अधिकच वाईट.

शिवाय सुटलेल्या माशाचे काय होते, हे कोणी विचारत नाही. आपल्यासाठी गोष्ट संपते, त्याच्यासाठी ती सुरू होते. तोंडात किंवा घशात रुतलेला गळ आणि मागे लोंबणारा तंगूस घेऊन तो जातो. तंगूस झुडपात अडकला तर तिथेच अडकून मरतो. नायलॉन कुजत नाही. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचे फुगलेले पाणी दौंड तालुक्यापर्यंत आले. त्या पाणथळीवर दरवर्षी हजारो पक्षी उतरतात, आणि काठावर पडलेला तंगूस त्यांच्या पायाला फास होऊ शकतो. पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे. पण खाण्यासाठी मासा धरणे वेगळे आणि निष्काळजीपणाने जीव जखमी करून सोडून देणे वेगळे. पहिल्यात रिज्क आहे, दुसऱ्यात फक्त जुल्म.

शिक्षक म्हणून हीच सवय मला नदीपासून दूरही दिसते. मुलाच्या दाखल्यावर मोहम्मद, आधारवर महंमद, बँकेच्या पासबुकात नुसतेच मो. असते. शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो तेव्हा घरचे म्हणतात, "नसीब में नै था." मुलगी हुशार असते, कष्ट केलेले असतात, तंगूस भक्कम असतो. जिथे दोन टोके जोडायची तिथे ढिलाई झालेली असते. आपल्याशी भेदभाव होतो तिथे जरूर बोलावे, भांडावे. पण स्वतःच्या हातातली गाठ पक्की असेल तर त्या भांडणालाही जोर येतो.

नदीवर जाणाऱ्यांना एवढेच सांगणे: गाठ घरी, उजेडात, सावकाश बांधा. उन्हात पडून जुना झालेला तंगूस टाकून द्या, मात्र काठावर नाही. तुकडे खिशात घालून घरी आणा. एवढे करूनही मासा सुटला, तर मग खुशाल म्हणा की नशिबात नव्हता. तेव्हा ते खरे असेल.