खोलीचे कर्ज आणि हप्त्यांची फेड

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. नवी वाट व्यापाऱ्याला वर्ज्य नसते. मात्र तो आधी हिशेब मांडतो. अशा गावातील एखाद्या दुकानदाराच्या मुलाने उद्या ‘मला व्यावसायिक पाणबुड्या व्हायचे आहे’ असे सांगितले, तर घराने रागावण्यापूर्वी वही उघडावी हे श्रेयस्कर.

हा व्यवसाय पर्यटनस्थळीच्या हौशी स्कूबापेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर असून तेथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेलमंचांचे पाय तपासणे, वाहिन्या जोडणे, पाण्याखाली वेल्डिंग करणे ही पाणबुड्याची कामे. श्वासाची हवा त्याला वरून नळीने पुरवली जाते. सुमारे ५० मीटरपर्यंत साधी हवा चालते. त्याखाली हेलियम व ऑक्सिजन यांचे मिश्रण लागते.

या व्यवसायाचे मर्म कर्जव्यवहारासारखे आहे. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि श्वासातील वायू रक्तात व स्नायूंत विरघळत जातो. हे शरीराने घेतलेले कर्जच होय. त्याची फेड हळूहळू वर येत, हप्त्यांनीच करावी लागते. घाई केल्यास सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे उठतात. सांधे पिळवटतात, पक्षाघात होतो, मृत्यूही ओढवतो. जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये या हप्त्यांची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली.

खोल कामासाठी पाणबुडे जहाजावरील दाबयुक्त कोठडीत सुमारे २८ दिवसांपर्यंत राहतात आणि कर्ज शेवटी एकदाच फेडतात. ७५ मीटरच्या कामानंतर त्यास तीन-चार दिवस लागतात. तेवढ्या काळात घरी वडील अत्यवस्थ झाले, तरी दार उघडता येत नाही. १९८३ मध्ये उत्तर समुद्रातील ‘बायफर्ड डॉल्फिन’ या मंचावर दाब असतानाच कोठडीचा जोड सुटला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. कोठडीत जेवणही बाहेरून छोट्या झडपेतून येते. म्हणून आहाराचे नियम पाळणाऱ्याने ती व्यवस्था करारापूर्वीच ठरवून घ्यावी.

समुद्र दूर असला तरी धसईच्या परिसराला धरणे नवी नाहीत. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा (१८९२) व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात. धरणांचे दरवाजे व जाळ्या पाण्याखाली तपासायला पाणबुडेच लागतात. तेथे खोली कमी, पण धोका वेगळा. झडप किंचित उघडी राहिली तर दोन बाजूंच्या दाबातील फरकामुळे माणूस त्या तोंडाशी खेचला जातो आणि कोणत्याही बळाने सुटत नाही. झडपा बंद करून त्यांना कुलूप घातल्याची खातरजमा झाल्याशिवाय पाण्यात न उतरणे हाच उपाय.

आता जमाखर्च. मोबदला बहुधा कामाच्या दिवसांवर असतो आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्रातले काम जवळजवळ थांबते. म्हणजे आठ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने काढायचे. विमा कंपनी जोखमीच्या व्यवसायासाठी जादा हप्ता मागू शकते. व्यवसाय लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी निरुपयोगी ठरते. शरीर कायम साथ देणार नाही. तेव्हा या मिळकतीचा एक भाग उत्पन्न न मानता घसाऱ्याची तरतूद म्हणून बाजूला काढावा. वेल्डिंग किंवा धातुतपासणीचे कौशल्य हाती असले, तर पुढे किनाऱ्यावरही काम मिळते.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कामाच्या ठिकाणी मान्य आहे का, हे कंत्राटदार कंपनीकडून लेखी विचारावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर दुकान तारण ठेवू नये.

सर्वांत स्वस्त पाऊल मात्र सर्वांत आधी टाकावे. शुल्क भरण्यापूर्वी पाणबुड्यांची तपासणी करणाऱ्या वैद्यांकडून मुलाचे कान, सायनस व फुप्फुसे तपासून घ्यावीत. तेथेच नकार आला, तर घराचे भांडवल वाचते. होकार आला, तर पुढचे बोलणे मुलाला शेजारी बसवून, वही समोर ठेवून करावे.